रूडॉल्फ डिझेल आणि शेंगदाण्याचे तेल

नाशिक जिल्ह्यातील लासलगावहून कांदा भरून निघालेला ट्रक हजार-बाराशे किलोमीटरांची वाट तुडवून दिल्लीच्या सीमेवर येतो, तेव्हा पुष्कळदा त्याला थांबावे लागते. दिवसाच्या वर्दळीत अवजड ट्रकांना राजधानीत सहसा प्रवेश मिळत नाही. रात्र झाली, की आझादपूरच्या बाजाराकडे ट्रकांची रांग सरकू लागते. या सगळ्या प्रवासात चालकाच्या तोंडी एक शब्द वारंवार येतो, तो म्हणजे डिझेल. डिझेल किती उरले, कोठे भरायचे, त्याचा भाव काय झाला. हा शब्द म्हणजे एका माणसाचे आडनाव आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. त्या माणसाने कोणतेही तेल शोधून काढले नव्हते. त्याने एक इंजिन घडवले. इंजिनाला त्याचे नाव मिळाले आणि पुढे त्या इंजिनात घालण्याच्या खनिज तेलालाही तेच नाव चिकटले. वास्तविक त्याचे यंत्र एका तेलाशी बांधलेले नव्हते. शेतात पिकणाऱ्या तेलावरही ते चालले होते आणि त्या घटनेचे मोल त्याला चांगले कळले होते.

रूडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील मूळचे जर्मनीतील बव्हेरिया प्रांताचे. वडील थिओडोर हे पुस्तकबांधणीचे काम शिकलेले कारागीर होते आणि पॅरिसमध्ये चामड्याच्या वस्तू बनवून विकत असत. घरची परिस्थिती बेताची होती. तयार झालेला माल गिऱ्हाइकांकडे पोहोचवण्यासाठी लहानगा रूडॉल्फ हातगाडी ढकलत शहरभर फिरे. मोकळा वेळ मिळाला, की तो यंत्रांच्या संग्रहालयात जाऊन बसे.

१८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. पॅरिसमधील जर्मन रहिवाशांना शहर सोडणे भाग पडले. डिझेल कुटुंब लंडनला गेले, पण तेथेही हाताला पुरेसे काम नव्हते. अखेर बारा वर्षांच्या रूडॉल्फला जर्मनीतील ऑग्सबर्ग या गावी नातेवाइकांकडे शिकायला धाडण्यात आले. ज्यांच्या घरी तो राहिला ते गृहस्थ गणिताचे शिक्षक होते. परक्या घरात वाढणाऱ्या या मुलाने अभ्यासाचाच आधार धरला. चौदाव्या वर्षी त्याने आईवडिलांना पत्राने कळवून टाकले, की आपण अभियंता होणार. आईवडिलांची इच्छा त्याने लवकर कमावते व्हावे अशी होती. पण शिष्यवृत्ती मिळाली आणि तो म्युनिकच्या तंत्रशिक्षण संस्थेत दाखल झाला.

तेथे कार्ल फॉन लिंडे हे उष्णतेचे शास्त्र शिकवत असत. शीतयंत्राच्या क्षेत्रातील हे मोठे नाव. १८७८ मध्ये एका व्याख्यानात त्यांनी वाफेच्या इंजिनाचा हिशेब मांडून दाखवला. कोळशातून निघणाऱ्या उष्णतेचा जेमतेम दहावा भाग, किंबहुना त्याहूनही कमी, उपयोगी पडतो आणि बाकीची उष्णता वाया जाते, असा तो हिशेब होता. वीस वर्षांच्या रूडॉल्फने वहीच्या समासात आपल्यासाठी एक टिपण करून ठेवले. ही उधळण थांबवणारे यंत्र घडवता येईल का, हा प्रश्न त्याच्या मनात तेव्हापासून घर करून राहिला. ऐन परीक्षेच्या वेळी त्याला विषमज्वर झाला आणि परीक्षा हुकली. पुढे १८८० च्या आरंभी त्याने ती दिली, तेव्हा संस्थेच्या इतिहासात तोवर कोणाला मिळाले नव्हते इतके गुण त्याला मिळाले.

शिक्षण संपताच डिझेल लिंडे यांच्या कंपनीत रुजू झाले आणि पॅरिसमधील बर्फाच्या कारखान्याची व्यवस्था पाहू लागले. १८८३ मध्ये मार्था फ्लाशे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दोन मुलगे आणि एक मुलगी असा संसार वाढला. दिवसा नोकरी आणि उरलेल्या वेळात प्रयोग, असा क्रम दहा वर्षे चालला. अमोनियाच्या वाफेवर चालणारे इंजिन करून पाहण्यात त्यांची कित्येक वर्षे गेली आणि त्यातून हाती काही लागले नाही. तथापि या काळात जास्त दाबाखालील वायू कसा वागतो याचे त्यांना जे ज्ञान झाले, ते फुकट गेले नाही.

त्यांची मूळ कल्पना समजायला अवघड नाही. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे टोक तापते, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांचा असेल. हवा दाबली की ती तापते. सिलिंडरमधील हवा दट्ट्याने इतकी दाबायची, की ती तापून तिच्यात सोडलेले इंधन आपोआप पेट घेईल. मग बाहेरून ठिणगी द्यायला नको. बंब पेटवून पाणी उकळायला नको, आणि वाफेबरोबर वाया जाणारी उष्णताही वाचेल. १८९२ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि पुढच्या वर्षी फेब्रुवारीत ते मिळाले. ऑग्सबर्गच्या यंत्र कारखान्याने प्रयोगांसाठी जागा आणि माणसे दिली. क्रुप या बड्या पोलाद कंपनीनेही पैसा पुरवला.

या खटाटोपामागे केवळ तांत्रिक ओढ नव्हती. वाफेचे इंजिन मोठ्या भांडवलदारालाच परवडते आणि त्यामुळे छोटे कारागीर देशोधडीला लागतात, हे वडिलांच्या धंद्याची अवस्था पाहिलेल्या डिझेल यांना जाणवत होते. लहान कार्यशाळेलाही घेता येईल असे स्वस्त आणि काटकसरी इंजिन व्हावे, अशी त्यांची इच्छा होती.

१० ऑगस्ट १८९३ रोजी पहिल्या इंजिनाची चाचणी झाली. इंधन आत सोडताच मोठा स्फोट झाला आणि दाब मोजण्याचे उपकरण फुटून उडाले. सुदैवाने कोणाच्या जिवावर बेतले नाही. यंत्र चालले नाही हे खरे. पण दाबलेल्या हवेत इंधन पेटते, एवढे त्या स्फोटाने सिद्ध केले. डिझेल पुन्हा आराखड्यांकडे वळले. कागदावर मांडलेला प्रचंड दाब प्रत्यक्षात साधण्यासारखा नव्हता. तो बराच उतरवावा लागला. १७ फेब्रुवारी १८९४ या दिवशी इंजिन प्रथमच स्वतःच्या बळावर फिरले, तेही जेमतेम एक मिनिट. त्या एका मिनिटानंतर आणखी तीन वर्षे खपावे लागले. अखेर १७ फेब्रुवारी १८९७ रोजी म्युनिकचे प्राध्यापक मोरिट्झ श्रोटर यांनी या इंजिनाची रीतसर परीक्षा घेतली. इंधनातील उष्णतेपैकी २६.२ टक्के उष्णतेचे कामात रूपांतर होते, असे त्यांना आढळले. त्या वेळच्या वाफेच्या इंजिनांच्या मानाने हा आकडा कितीतरी पुढचा होता.

यशापाठोपाठ पैसा आला. निरनिराळ्या देशांतील कारखानदारांनी इंजिन बनवण्याचे हक्क विकत घेतले. अमेरिकेसाठीचे हक्क सेंट लुई येथील मद्याचे उद्योजक अडॉल्फस बुश यांनी घेतले. हातगाडी ढकलणारा मुलगा चाळिशीत लक्षाधीश झाला. पण घाईने बाजारात गेलेली आरंभीची इंजिने बिघडू लागली, गिऱ्हाईक ती परत करू लागले, शिवाय हक्कांवरून कोर्टकज्जे सुरू झाले. या ताणाने डिझेल यांची प्रकृती ढासळली आणि १८९८ मध्ये काही काळ त्यांना आरोग्यधामात राहावे लागले.

१९०० साली पॅरिसमध्ये जागतिक प्रदर्शन भरले. तीस वर्षांपूर्वी ज्या शहराने या मुलाच्या कुटुंबाला बाहेर काढले होते, त्याच शहरात त्याच्या इंजिनाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. याच प्रदर्शनात ऑटो कंपनीने मांडलेले एक लहानसे डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले. ही कल्पना फ्रेंच सरकारची होती. आफ्रिकेतील फ्रेंच वसाहतींत भुईमूग अमाप पिकत असे. तेथील यंत्रे तेथल्याच तेलावर चालली तर कोळसा आणि खनिज तेल दुरून आणायला नको, असा त्यामागचा व्यवहार होता. इंजिन मुळात खनिज तेलासाठी बनवलेले होते. त्यात कोणताही बदल न करता ते शेंगदाण्याच्या तेलावर इतके सुरळीत चालले, की इंधन वेगळे आहे हे पाहणाऱ्यांपैकी फारच थोड्यांच्या ध्यानात आले.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. डिझेल यांनी पहिले इंजिन शेंगदाण्याच्या तेलासाठीच घडवले आणि १० ऑगस्ट १८९३ रोजी ते त्या तेलावर चालले, असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. १० ऑगस्ट हा जागतिक जैवइंधन दिन म्हणून पाळला जातो आणि दिल्लीत त्या निमित्ताने समारंभही होतात. पण त्या दिवशी काय घडले ते आपण वर पाहिलेच आहे. शेंगदाण्याच्या तेलाची गोष्ट सात वर्षांनंतरची आहे आणि तिचे श्रेय डिझेल यांनी स्वतःकडे कधी घेतले नाही. मात्र त्यांनी हा विषय सोडूनही दिला नाही. पुढे त्यांनी स्वतः वनस्पती तेलांवर प्रयोग केले आणि १९१२ मध्ये अभियंत्यांपुढे बोलताना आपले मत मांडले. वनस्पती तेले आज क्षुल्लक वाटत असली, तरी काळाच्या ओघात त्यांना खनिज तेलाइतकेच महत्त्व येऊ शकेल, आणि जमिनीतले साठे संपले तरी सूर्याच्या उष्णतेवर वाढणारी पिके उरतील, असा त्या मताचा आशय होता.

मग असे झाले का नाही? येथे थोडे पुढच्या काळात जावे लागेल. डिझेल यांच्या हयातीतील इंजिने अवजड आणि संथ होती. त्यांत दाबलेल्या हवेच्या झोताने तेल आत फवारले जाई. अशा यंत्राला जाड तेलही पचत असे. ट्रकमध्ये बसेल असे डिझेल इंजिन १९२३-२४ मध्ये जर्मनीत तयार झाले. पुढे बॉश यांच्या कारखान्यातून लहान पंप आणि बारीक छिद्रांची नोझल आली. आता इंजिन हलके आणि वेगवान झाले, पण ते तेलाच्या बाबतीत चोखंदळही झाले. वनस्पती तेल डिझेलपेक्षा सुमारे दहापट किंवा त्याहूनही दाट असते. ते बारीक छिद्रातून नीट फवारले जात नाही, अर्धवट जळते आणि आत काजळीचे थर साचवते. १९०० मध्ये इंजिनात काहीही न बदलता जे घडले, ते आजच्या ट्रकमध्ये तसेच घडणार नाही. इंजिन बदलायचे नसेल, तर तेल बदलले पाहिजे.

हा उपाय बेल्जियममधील ब्रुसेल्स विद्यापीठाच्या शॅव्हान या संशोधकाने १९३७ मध्ये पेटंट घेऊन मांडला. दुसऱ्या वर्षी ब्रुसेल्स आणि लुव्हेन या गावांदरम्यान एक बस अशा रूपांतरित पामतेलावर धावली. आज ज्याला बायोडिझेल म्हणतात, ते हेच. तेलाच्या प्रत्येक कणात ग्लिसरीनला तीन लांब साखळ्या जोडलेल्या असतात, त्यामुळे ते दाट असते. तेल गाळून, त्यातील पाणी काढून, ५५ ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि त्यात कॉस्टिक सोडा विरघळवलेले मिथेनॉल घालून ढवळतात. शंभर लिटर तेलाला साधारण वीस लिटर मिथेनॉल लागते. साखळ्या ग्लिसरीनपासून सुटतात आणि मिथेनॉलशी जुळतात. जड ग्लिसरीन तळाशी बसते. वर राहते ते पातळ बायोडिझेल. ते पाण्याने धुऊन, कोरडे करून वापरायचे.

सांगायला ही कृती सोपी आहे. म्हणूनच तळणीचे उरलेले तेल गोळा करून आपल्या ट्रकपुरते इंधन घरीच बनवण्याचा मोह अनेक देशांतील हौशी लोकांना पडला आणि काहींना ते साधलेही. परंतु मिथेनॉल हे विष आहे. थोडेसे पोटात गेले तरी दृष्टी जाते, त्याची वाफ पटकन पेटते आणि दिवसाच्या उजेडात त्याची ज्वाळा नीट दिसतही नाही. स्वयंपाकघरात किंवा दाट वस्तीतल्या खोलीत करण्याजोगे हे काम नव्हे. वारंवार तापलेल्या तेलात आम्ल वाढलेले असते. ते आधी मोजून सोड्याचे प्रमाण ठरवले नाही, तर टाकीत इंधनाऐवजी साबण तयार होतो. ट्रकच्या बाजूनेही काही काळजी घ्यावी लागते. बायोडिझेल टाकीत वर्षानुवर्षे साचलेला गाळ सोडवते, त्यामुळे सुरुवातीला फिल्टर तुंबतो आणि तो लवकर बदलावा लागतो. जुन्या रबरी नळ्या फुगून गळू लागतात. दिल्लीच्या ट्रकवाल्याला आणखी एक अडचण आहे. तळणीसाठी पामतेल सर्रास वापरले जाते आणि पामतेलापासूनचे बायोडिझेल पंधरा अंशांच्या आसपासच गढूळ होऊन गोठू लागते. जानेवारीत दिल्लीचा पारा पाच अंशांपर्यंत उतरतो. तेव्हा निव्वळ बायोडिझेल भरलेला ट्रक पहाटे सुरू होईल याचा भरवसा नसतो. ते साध्या डिझेलमध्ये थोड्या प्रमाणात मिसळूनच वापरणे शहाणपणाचे ठरते.

तरीही दिल्लीने या वाटेवर बरीच पावले टाकली. ३१ डिसेंबर २००२ रोजी रेल्वेने दिल्ली-अमृतसर शताब्दी एक्स्प्रेसच्या इंजिनात पाच टक्के बायोडिझेल मिसळून ते चालवून पाहिले. दिल्लीलगतच्या फरिदाबाद येथील इंडियन ऑइलच्या संशोधन केंद्रात मोगली एरंडाच्या बियांपासून बायोडिझेल बनवण्याचे काम झाले. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने पडीक जमिनीवर मोगली एरंडाची मोठी लागवड सुचवली. २००९ च्या राष्ट्रीय धोरणात २०१७ पर्यंत वीस टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट ठेवले गेले. ते उद्दिष्ट कोसो दूर राहिले, कारण पाण्यावाचून, निकस जमिनीत मोगली एरंड जगतो खरा, पण तेलासाठी पुरेशा बिया देत नाही. २०१८ च्या नव्या धोरणात २०३० पर्यंत पाच टक्के असा माफक आकडा आला. त्याच वर्षी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हॉटेले आणि फरसाणवाल्यांकडील वापरलेले तेल बायोडिझेलसाठी गोळा करण्याची योजना सुरू केली. हे पाऊल मला अधिक समंजस वाटते. तेच तेल एरवी पुन्हा कोणाच्या तरी कढईत जाते.

बायोडिझेलच्या धुरात काजळी कमी असते आणि गंधक जवळजवळ नसतेच. नायट्रोजनची ऑक्साइडे मात्र किंचित वाढतात. दिल्लीच्या हवेचा प्रश्न एवढ्याने सुटणारा नाही. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दहा वर्षांपेक्षा जुनी डिझेल वाहने दिल्ली परिसरात चालवण्यास मनाई केली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली आणि २०२५ मध्ये तिच्या अंमलाला त्याच न्यायालयाने काही प्रमाणात आवर घातला. त्या मनाईत वाहनाचे वय मोजले गेले. टाकीत कोणते तेल आहे, हा प्रश्न तेथे नव्हता.

आता पुन्हा डिझेल यांच्याकडे वळू. छोट्या कारागिरासाठी इंजिन करायला निघालेल्या या माणसाच्या डोळ्यांदेखत ते इंजिन बड्या कारखान्यांचे, जहाजांचे आणि पाणबुड्यांचे झाले. १९०३ मध्ये त्यांनी समाजरचनेवर एक पुस्तक लिहिले. कामगारांनी थोडी थोडी बचत एकत्र करून आपले कारखाने आपणच उभारावेत, असा विचार त्यात होता. दहा हजार प्रती छापल्या आणि विकल्या गेल्या त्या अवघ्या काही शे. इंजिनाच्या शोधापेक्षा या विचाराची थोरवी अधिक आहे, असे मात्र डिझेल यांना स्वतःला वाटत असे. लहान माणसाच्या हाती इंजिन देण्याचे त्यांचे स्वप्न त्यांच्या पश्चात दुसऱ्याच भूमीवर काही अंशी साकारले. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली आणि महाराष्ट्रातील विहिरींवर शेतकऱ्यांची छोटी डिझेल इंजिने धडधडू लागली.

पैशाच्या बाबतीत डिझेल यांचा हिशेब यंत्राइतका अचूक नव्हता. म्युनिकमध्ये बांधलेला आलिशान बंगला, जमिनींचे फसलेले सौदे, तेलखाणींतील तोट्याची गुंतवणूक आणि कोर्टखर्च यांत संपत्ती आटत गेली. पेटंटांची मुदतही संपत आली. त्यातच काही प्राध्यापकांनी या शोधाचे श्रेय डिझेल यांचे नाहीच, असा वाद उकरून काढला. १९१२ च्या अखेरीस त्यांनी इंजिनाच्या जन्मकथेवर व्याख्यान दिले आणि पुढच्या वर्षी ते पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. जगात त्यांचे नाव दुमदुमत होते आणि घरात कर्ज साचत होते. ही अवस्था त्यांनी जवळच्या माणसांनाही फारशी कळू दिली नाही.

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी ते बेल्जियममधील अँटवर्प बंदरात ‘ड्रेस्डेन’ या आगबोटीवर चढले. इंग्लंडमध्ये त्यांच्या इंजिनाच्या नव्या कारखान्यासंबंधीच्या कामासाठी ते निघाले होते. सोबत दोन सहकारी होते. रात्रीचे जेवण गप्पांत झाले. दहाच्या सुमारास डिझेल आपल्या खोलीकडे गेले आणि सकाळी सव्वासहाला उठवण्यास सांगून ठेवले. सकाळी खोलीत कोणी नव्हते. बिछान्यावर कोणी झोपल्याची खूण नव्हती. रात्रीचा सदरा नीट काढून ठेवलेला होता आणि घड्याळ बिछान्यातून दिसेल असे लावलेले होते. डेकच्या कठड्यापाशी त्यांची टोपी आणि घडी केलेला ओव्हरकोट सापडला. रोजनिशीत त्या तारखेपुढे एक छोटी फुली होती. तो अपघात होता, आत्महत्या होती की आणखी काही, यावर तर्क पुष्कळ झाले. कर्जाचा डोंगर आणि ती फुली पाहता बहुतेक चरित्रकारांचा कल आत्महत्येकडे आहे.

दहा-अकरा दिवसांनी एका डच बोटीच्या खलाशांना उत्तर समुद्रात एक मृतदेह तरंगताना दिसला. समुद्र खवळलेला होता. त्या काळच्या दर्यावर्दी प्रथेप्रमाणे त्यांनी खिशातील वस्तू काढून घेतल्या आणि देह पुन्हा पाण्याच्या स्वाधीन केला. गोळ्यांची डबी, पाकीट, लहान चाकू आणि चष्म्याचे घर एवढ्या त्या वस्तू होत्या. १३ ऑक्टोबर रोजी हॉलंडमधील फ्लिसिंगन बंदरात मुलगा ऑयगेन याने त्या पाहिल्या आणि आपल्या वडिलांच्याच आहेत, असे सांगितले.